शाळेचा वाद्यवृंद आणि एक तरुण संगीतकार



कामगार संघटनेचा माणूस या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा फार तर मार्क्सवर बोलणार, असे आपण धरून चालता. यंदा चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली. मी विषय कळवला तेव्हा चिठ्ठीत काही घोटाळा तर झाला नाही ना, याची खात्री करून घ्यायला एक गृहस्थ घरी येऊन गेले. घोटाळा नव्हता. इंग्लंडातील एका लहान गावच्या शाळेत १९५९ साली एक तरुण संगीतशिक्षक रुजू झाला आणि तिथल्या मुलांच्या वाद्यवृंदासाठी त्याने स्वतः एक रचना केली, एवढीच आजची गोष्ट आहे.

मी संगीतज्ञ नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. माझे वडील मुंबईत एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना कामावर परत घेतले नाही आणि माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत बसून झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वाचून, ध्वनिमुद्रिका ऐकून आणि जाणकारांना विचारून जमवलेले आहे. कुठे चुकलो तर सभेनंतर अवश्य सांगावे.

मग हा विषय मी का घेतला? कारण त्यात एक प्रश्न आहे आणि तो मला तीस वर्षे छळत आला आहे. ज्यांना फारसे येत नाही असे आपण समजतो, त्यांच्या हाती काय द्यायचे? सोपे करून, पाणी घालून दिलेले काहीतरी, की खरी चीज? मुलांच्या बाबतीत शिक्षकांना हा प्रश्न पडतो, कामगारांच्या बाबतीत आम्हा कार्यकर्त्यांना पडतो. पत्रक लिहायला बसलो की पडतो, अभ्यासवर्ग घ्यायला उभे राहिलो की पडतो. त्या इंग्रज तरुणाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते मला माझ्या धंद्यातल्या कुणाकडूनही इतके स्पष्ट मिळाले नाही.

त्या तरुणाचे नाव पीटर मॅक्सवेल डेव्हिस. जन्म ८ सप्टेंबर १९३४, मँचेस्टरला चिकटून असलेल्या सॅल्फर्डमध्ये. ज्यांच्या घरी गिरणीचा डबा गेला आहे त्यांना हा मुलूख परका वाटायचे कारण नाही. मँचेस्टर, ओल्डहॅम, सॅल्फर्ड हा कापसाचा मुलूख. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढण्याचे ठरवले, तेव्हा ओल्डहॅमचे यंत्र बनविणारे प्लॅट ब्रदर्स त्यांच्या पाठीशी होते. त्याच प्रांतात धुराड्यांच्या छायेत हा मुलगा वाढला. वडील भिंगांची उपकरणे बनविण्याच्या धंद्यात होते. घरची स्थिती साधी. चार वर्षांचा असताना त्याला गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘गाँडोलियर्स’ ही संगीतिका पाहायला नेले, आणि आपण हेच करायचे असे त्याने त्या वयात ठरवले, असे तो पुढे सांगत असे.

त्याच्या शाळेत मात्र संगीत हा विषयच नव्हता. परीक्षेला संगीत घ्यायचे आहे असे त्याने म्हटल्यावर मुख्याध्यापकांकडून, ही काही मुलींची शाळा नव्हे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मग हा मुलगा काय करतो? मँचेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा हेन्री वॉटसन यांच्या नावाचा एक स्वतंत्र संगीत-विभाग आहे. तिथे संगीताची पुस्तके आणि छापील स्वरलिपी गावातल्या कुणालाही पाहता येतात. तिथे जाऊन त्याने आपले आपण शिकायला सुरुवात केली. वाचनालयात बसून शिकलेल्या माणसाला दुसऱ्या तशाच माणसाबद्दल थोडे अधिक प्रेम वाटते. माझा तेवढा पक्षपात आपण खपवून घ्या.

पुढे तो मँचेस्टरला शिकला. हॅरिसन बर्टविसल, अलेक्झांडर गोर, जॉन ऑगडन असे पुढे नावाला आलेले सोबती त्याला तिथे मिळाले. शिष्यवृत्तीवर रोमला जाऊन गॉफ्रेदो पेत्रास्सी यांच्या हाताखाली त्याने काम केले. त्याची ‘प्रोलेशन’ नावाची वाद्यवृंदाची रचना बक्षीसपात्र ठरली आणि १९५९ साली रोमला वाजवली गेली. ती इतकी कठीण आहे की मुरलेल्या वादकांनाही घाम फुटावा. पण बक्षिसावर पोट भरत नाही. चोविशीतल्या या तरुणाने १९५९ च्या आरंभी सायरेन्सेस्टर नावाच्या गावी शाळेत नोकरी धरली.

हे ग्लॉस्टरशर परगण्यातले बाजाराचे जुने गाव. रोमन काळापासूनचे. गावातले मोठे चर्च लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून वाढले. शाळा ग्रामर स्कूल, म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांची. पण निवड गणित-भाषेची, वाजवण्याची नव्हे. संगीताच्या दृष्टीने ती कुठल्याही गावची कुठलीही मुले होती.

आता शाळेचा वाद्यवृंद म्हणजे काय असतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. त्यावाचून या गोष्टीतली मेहनत ध्यानात येत नाही. व्यवसायी वाद्यवृंदासाठी लिहिणारा संगीतकार कागदावर काहीही मागू शकतो, कारण पलीकडे पगारी, कसलेले वादक बसलेले असतात. शाळेत तसे नाही. तिथे आधी हजेरी घ्यावी लागते. मस्टर मांडल्याशिवाय कारखान्यात पाळी लागत नाही, तसेच. व्हायोलिन धरणारी मुले पुष्कळ, पण त्यातली निम्मी आत्ता आत्ता शिकू लागलेली. व्हायोला कुणी घेत नाही. सनई कुळातले ओबो आणि जाडा बासून हे महाग आणि अवघड, ते बहुधा नसतातच. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट हवे त्याहून जास्त. ढोल-झांजांसाठी तर रांग.

प्रत्येक वाद्याची आपली अडचण आहे. व्हायोलिनला चार तारा. बोट न लावता त्या मोकळ्या वाजवल्या तर सूर हमखास खरा लागतो. एकदा बोटे वर सरकू लागली की नवशिका चाचपडतो. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकातून वरच्यात जाताना मध्ये एक उंबरठा आहे. तिथे सगळी बोटे एकदम बदलावी लागतात आणि हमखास किंकाळी निघते. ट्रंपेटवाल्या मुलाचे ओठ दहा मिनिटांत थकतात, म्हणून त्याला विश्रांती लिहून द्यावी लागते. पण विश्रांती फार लांबली तर आवर्तने मोजता मोजता पोरगा हरवतो आणि चुकीच्या जागी जोरात आत येतो. एखादा वादक आजारी पडला तर त्याची ओळ दुसऱ्या कुणाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून ठेवावी लागते. हे सगळे सांभाळून त्यातून संगीत निघाले पाहिजे.

बहुतेक ठिकाणी यावर एक सोपी तोड काढतात. एखादी प्रसिद्ध मोठी रचना घेतात, तिचे कठीण भाग छाटतात, उरलेला सांगाडा मुलांना देतात. मुले वाजवतात, आईबाप टाळ्या देतात. त्यात वाईट काही नाही. पण वाजवणाऱ्या मुलाला मनातून ठाऊक असते की खरी वस्तू दुसरीकडे आहे आणि आपल्या हाती तिची मोडकी नक्कल आली आहे.

डेव्हिसने तो मार्ग टाळला. जुने थोर संगीतही त्याने मुलांपुढे ठेवले. माँटेवेर्दीच्या १६१० सालच्या सांध्यप्रार्थनेची मांडणी त्याने या शाळेसाठी केली. पण त्याचबरोबर, याच मुलांची ताकद ही पूर्ण ताकद धरून नवे काही लिहायचे, असे त्याने ठरवले. शाळेच्या वाद्यवृंदासाठी त्याने अगदी सुरुवातीला केलेली रचना म्हणजे १९५९ सालची ‘पॉल क्ले यांची पाच चित्रे’.

पॉल क्ले हा चित्रकार १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहराजवळ जन्मला. त्याचे वडील संगीतशिक्षक होते आणि तो स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवी. जर्मनीत नाझी सत्तेवर येताच १९३३ साली त्याला प्राध्यापकी सोडावी लागली. १९४० साली तो वारला. त्याची चित्रे पहिल्या दर्शनी लहान मुलाने काढल्यासारखी वाटतात आणि पाहत राहिलो की उमगते, ही रेषा ओढायला आयुष्य लागले असेल. डेव्हिसने त्यातली पाच घेतली. धर्मयोद्धा, पूर्वेकडची बाग, चिवचिवाट करणारे यंत्र, रंगीत काचेतला संत, आणि शेवटी ‘पर्नाससकडे’.

यातले तिसरे चित्र पाहा. १९२२ सालचे आहे. एका तारेवर चार पाखरे बसवली आहेत आणि तारेला एक दांडा जोडला आहे, विहिरीच्या रहाटाला असतो तसा. दांडा फिरवला की पाखरांनी ओरडायचे. पाखरांच्या चोचीतून वेडीवाकडी टोके बाहेर आली आहेत. चित्र गमतीचे आहे, पण थोडे भयाण आहे. ज्याने यंत्रावर पाळी काढली आहे त्याला ते अधिक भयाण वाटते, कारण दांडा कोण फिरवतो ते चित्रात दिसत नाही. हे चित्र बर्लिनच्या सरकारी संग्रहात होते. नाझींनी ते अधोगतीचे म्हणून काढून टाकले आणि १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेले.

आता शाळेतल्या मुलांना हे चित्र वाजवायला देणे यात काय युक्ती आहे? संगीतात एक लहानसा तुकडा सतत फिरत राहतो आणि त्यावर एकेक वाद्य आपापला तुकडा घेऊन चढत जाते. गोंगाट वाढत वाढत शिगेला जातो. ज्या मुलाला चारच सूर येतात त्याला चारच सूर दिले तरी चालतात, कारण यंत्रातल्या पाखराला तेवढेच येत असतात. क्लॅरिनेटची किंकाळी निघाली तर ती चित्रात बसते. पण सवलत इथे संपते. चार सूर असले तरी ते नेमक्या क्षणी सुरू करायचे आणि शेजारी दुसरेच काही वाजवत असताना न डळमळता चालू ठेवायचे, हे काम खरे आहे. ते कुणी दुसरा करणार नाही. एक पाखरू गप्प बसले तर यंत्र अडते.

मला यात मोठी गोष्ट दिसते ती ही. त्याने सूर सोपे केले, विचार सोपा केला नाही. त्या काळी इंग्लंडातल्या मोठ्या माणसांनाही अशा चित्रांची आणि अशा कर्कश स्वरांची सवय नव्हती. ती त्याने बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती बिनदिक्कत दिली. मुलांच्या मनात, हे कळणार नाही, अशी भीती अजून कुणी घातलेली नव्हती.

शेवटच्या चित्राचे नाव ‘पर्नाससकडे’. पर्नासस हा ग्रीकांचा कलादेवतांचा पर्वत. ‘पर्नाससच्या पायऱ्या’ या नावाचे योहान योसेफ फुक्स याचे संगीतरचनेचे पाठ्यपुस्तक १७२५ साली निघाले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्यावर अक्षरे गिरवली. क्लेने १९३२ साली रंगाच्या हजारो बारीक ठिपक्यांतून हा पर्वत उभा केला. जवळून पाहिले तर नुसते ठिपके, लांबून पाहिले तर पर्वत. शाळेच्या वाद्यवृंदाला याहून योग्य चित्र दुसरे मिळाले नसते.

पुढच्या वर्षी याहून मोठे काम झाले. ८ डिसेंबर १९६० रोजी त्या लोकरवाल्यांच्या चर्चमध्ये शाळेच्या गायक-वादकांनी त्याची ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’ ही नाताळची रचना सादर केली. त्यात गायची पदे आहेत आणि मध्ये नुसत्या वाद्यांचे दोन भाग आहेत. या वाद्यभागांत काही ठिकाणी त्याने सूर दिले, पण ते कसे, किती आणि केव्हा वाजवायचे हे मुलांवर सोपवले. आपल्याकडे गवयी उपज करतो ती आपल्याला नवी नाही. तिकडे कागदावरचा ठिपका हलवायचा नाही अशी शिस्त. त्या शिस्तीत वाढलेल्या समाजात एका शिक्षकाने शाळकरी मुलांना सांगितले की इथे तुम्ही ठरवा. मुलांना स्वतः रचना करायलाही तो उत्तेजन देई. तीन वर्षांनी, १९६२ साली, तो पुढील अभ्यासाला अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. या मुलांच्या सहवासाने आपले संगीत मोकळे झाले, असे त्याने नंतर कबूल केले आहे. ‘पाच चित्रे’ त्याने १९७६ साली पुन्हा हाती घेऊन दुरुस्त केली, म्हणजे ती त्याला टाकाऊ वाटत नव्हती.

हा एकटाच असे करीत होता असे नाही. गुस्ताव होल्स्ट हा संगीतकार लंडनच्या एका मुलींच्या शाळेत १९०५ पासून मरेपर्यंत शिकवीत होता आणि त्याचा ‘सेंट पॉल्स सूट’ हा त्या मुलींच्या वाद्यवृंदासाठीच आहे. तोच संध्याकाळी मॉर्ले कॉलेजात जाई. ते कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी काढलेले कॉलेज. दिवसभर काम करून आलेल्या या विद्यार्थ्यांनी पर्सेलच्या ‘फेअरी क्वीन’ या विस्मृत संगीतिकेची सुमारे दीड हजार पाने हाताने उतरवून काढली आणि १९११ साली ती गाऊन वाजवून दाखवली. बेंजामिन ब्रिटनने १९५८ साली ऑर्फर्डच्या चर्चमध्ये ‘नोआचा महापूर’ केला. त्यात व्हायोलिनच्या तीन ओळी आहेत. पहिली तयार मुलांची, दुसरी मध्यम, तिसरी बहुतांशी मोकळ्या तारांवर चालणारी. आणि पावसाचे पहिले थेंब कशाने वाजवले? दोरीला चहाचे पेले टांगले आणि लाकडी चमच्याने वाजवले. ज्याला कुठलेच वाद्य येत नाही तो मूल महापुराची सुरुवात करतो.

हे ऐकून आपल्याला आपले काही आठवते का? मला भजनी मंडळ आठवते. पखवाजावर मुरलेला माणूस असतो, आणि टाळ धरायला कालचे पोरही चालते. पण टाळ चुकला की सगळे मागे वळून पाहतात. ढोल-ताशाच्या पथकात नवा मुलगा ढोलाचा सरळ ठेका धरतो आणि ताशावर तयार हात चालतो. ढोल नसेल तर ताशा उघडा पडतो. म्हणजे कमी येणाऱ्याला खरे काम देण्याची विद्या आपल्या गावातच आहे. शाळेच्या दारात शिरली की ती विद्या का हरवते, हे मला कळत नाही.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही.

१९९७ साली आमच्या संघटनेचे एक कलापथक होते. एका कारखान्यात टाळेबंदी चालू होती आणि गेटसभेला लोक बसवून धरायला गाणी लागत. त्या पथकात एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. प्रेसखात्यात शिकाऊ म्हणून लागलेला. पेटी बरी वाजवी. एके दिवशी तो म्हणाला, दादा, मी एक नवीन बसवलंय, ऐका. दुसरी पाळी सुटल्यावर युनियनच्या खोलीत आठ जण जमले. पेटी, ढोलकी, हलगी, दोन झांजा आणि तेलाचे रिकामे डबे. डबे वाजवणाऱ्या दोघांना ताल सोडून दुसरे काही येत नव्हते, तर त्याने सुरुवातच त्यांना दिली होती. प्रेसचा ठोका पडतो तसा एक ठोका, मग मधली शांतता, मग पुन्हा ठोका. त्यावर हळूहळू बाकीची वाद्ये चढत होती. शब्द नव्हते. शेवटी ठोका थांबत होता आणि पेटीवर एकच सूर उरत होता. कारखाना बंद पडल्यावर खात्यात जी शांतता असते ती त्याला दाखवायची होती. प्रत्येकाचा भाग त्याने चहाच्या पुड्यांच्या मागच्या बाजूला लिहून दिला होता.

मी चार-पाच मिनिटे ऐकले आणि म्हणालो, “चांगलं आहे, पण लोकांना कळणार नाही. याच्यात घोषणा घाल. आणि चाल पोवाड्याची घे.”

त्याने वाद घातला नाही. घोषणा घातल्या, पोवाड्याची चाल घेतली. गेटसभा रंगली, टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यापासून तो पथकात यायचा थांबला. मला वाटले, कामाच्या गडबडीत असेल. टाळेबंदीच्या रगाड्यात मी ते विसरूनही गेलो.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. आता स्वतःचा टेंपो आहे, मुलगी कॉलेजात आहे. पंगतीत शेजारी बसलो. मला त्या दिवसांत डेव्हिसचे वेड लागलेले होते, म्हणून मीच विचारले, ते तुझे डब्यांचे वाजवणे कुठे आहे? त्याला लगेच आठवले. म्हणाला, “गेलं दादा. तुम्ही म्हणालात लोकांना कळणार नाही. पण ते वाजलं कुठं लोकांपुढं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे म्हणजे ते मलाच कळले नव्हते आणि मी लोकांचे नाव पुढे केले. ज्या कामगारांच्या अकलेवर विश्वास ठेवा म्हणून मी मालकांशी भांडत होतो, त्यांच्याच अकलेचा निकाल मी बंद खोलीत, त्यांना न विचारता लावून टाकला. सॅल्फर्डच्या त्या मुलाला शाळेत जे उत्तर मिळाले, तेच मी दिले. फरक एवढाच की तो मुलगा ग्रंथालयात गेला, आणि आमच्या पोराने टेंपो घेतला. टेंपो घेण्यात कमीपणा नाही. पण त्याने टेंपोही घेतला असता आणि वाजवलेही असते.

कारखान्यात यंत्रावर नवे काम लावले की पहिला पीस काढतात आणि तो तपासायला नेतात. तो बहुधा मापात नसतो. म्हणून कुणी यंत्र बंद करून ठेवत नाही. पहिला पीस पाहूनच सेटिंग बसते. तरुण रचनाकाराच्या पहिल्या रचनेचे असेच आहे. ती वाजली पाहिजे, कारण वाजल्याशिवाय तिच्यात काय चुकले ते त्याला कळत नाही. ट्रंपेटची ओळ लांबली, डब्यांचा आवाज पेटीला बुडवतो, हे कागदावर दिसत नाही. त्यासाठी वाजवणारी माणसे लागतात आणि ऐकणारी लागतात. चित्रकाराला कागद पुरतो, कवीला पेन्सिल पुरते, पण वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याला पंचवीस-तीस माणसांनी आपला वेळ द्यावा लागतो. तो वेळ त्याला कोण देणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तो समाजाचा प्रश्न आहे.

इथे कुणी म्हणेल, इंग्लंडातल्या शाळांना व्हायोलिने होती, पगारी संगीतशिक्षक होता, आमच्याकडे काय आहे? आक्षेप बरोबर आहे. पगारी संगीतशिक्षक प्रत्येक शाळेला मिळाला पाहिजे, ही मागणी मी इतर मागण्यांइतक्याच जोराने करीन. पण तो मिळेपर्यंत हजेरी तर घेता येईल! कुठल्याही शाळेत एक पेटी असते, एक तबलाजोडी असते, लेझीम असतात, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाचा ढोल आणि बिगूल असतो. दोन-चार मुलांच्या घरी कॅसिओ असतो. एखाद्या मुलीला घरच्या परंपरेने पखवाज येतो आणि ते शाळेला ठाऊकही नसते. एवढ्या सामग्रीवर लिहायला तयार असा तरुण गावात असतोच. त्याला आजवर कुणी विचारलेले नसते.

दुसरा आक्षेप असा येईल, की यातून किती संगीतकार निघाले? सायरेन्सेस्टरची ती मुले पुढे बहुतेक इतर धंद्यांत गेली असतील, आणि त्यात काही बिघडले नाही. अभ्यासवर्गाला आलेले सगळे कामगार पुढारी होत नाहीत, म्हणून वर्ग बंद करत नाही. शेजारी दुसरे काही वाजत असताना आपला सूर धरून ठेवणे, आणि आपली पाळी नसताना लक्ष देऊन गप्प बसणे, हे ज्याला चौदाव्या वर्षी आले तो माणूस सभेत, घरात, पंचायतीत कुठेही उपयोगी पडतो. आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत असे दोन जण जरी असते तरी पुष्कळ बैठका लवकर संपल्या असत्या.

डेव्हिसची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९७० नंतर तो स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत जाऊन राहिला. तिथे १९७७ साली त्याने इतरांबरोबर सेंट मॅग्नस महोत्सव सुरू केला, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या शाळेतल्या मुलांसाठी ‘दोन फिडलवाले’ ही संगीतिका केली. स्ट्रॉमनेस गावाजवळ युरेनियमची खाण काढण्याचा घाट घातला गेला तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले आणि त्यांच्या बाजूने त्याने १९८० साली गाण्यांचा एक कार्यक्रमच लिहिला. खाण झाली नाही. त्या कार्यक्रमातला पियानोचा एक छोटा तुकडा आज जगभर वाजवला जातो. तो सोपा आहे, शिकणाऱ्या मुलालाही वाजवता येतो. २००४ साली त्याला राणीच्या दरबारी संगीतकाराचा मान मिळाला. १४ मार्च २०१६ रोजी तो त्याच बेटांत वारला. ‘प्रोलेशन’सारखी कठीण रचना आणि हा सोपा तुकडा एकाच माणसाचे आहेत. मला वाटते, मधला पूल सायरेन्सेस्टरच्या मुलांनी बांधला.

आता शेवटचे. मी या गावातल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोललो आहे. येत्या दिवाळीनंतर शाळेत आहेत तेवढीच वाद्ये घेऊन, गावातल्याच कुणा तरुणाने किंवा तरुणीने केलेली दहा मिनिटांची नवी रचना बसवायला त्यांनी होकार दिला आहे. तालमीला युनियनची खोली मोकळी ठेवू. लिहिणारा अजून ठरायचा आहे. आपल्या घरी, आळीत, चाळीत असे कुणी असेल तर मला कळवा. त्या टेंपोवाल्यालाही मी निरोप धाडला आहे. तो येतो की नाही ते पाहायचे. आला तर या वेळी मी खोलीच्या बाहेर बसणार आहे, आणि जे काही बसेल ते आधी आपण सर्वांनी ऐकायचे, मग बोलायचे.